टेकडीसाठी नगर वन योजनेचा प्रस्ताव द्यावा का?

टेकडीकर:
मंडळी, आमच्या गावाला लागून वनखात्याची साधारण १४ हेक्टरची टेकडी आहे, नगरपालिकेच्या हद्दीतच. पायथ्याला रोज रात्री कुणीतरी राडारोडा टाकतं, मुरूम उचलून नेतं, दोन वर्षांत एक बाजू पार खरवडून काढलीये. शहरांत झाडीची वनं उभी करायची केंद्राची नगर वन योजना ५ जून २०२० ला सुरू झाली, त्यात हेक्टरी ४ लाख मिळतात म्हणजे आपले ५६ लाख होतात. पुण्यात वारज्याला वनखात्याच्या ओसाड जागेवर लोक आणि कंपन्यांनी मिळून जे स्मृतीवन उभं केलं तेच तेव्हा आदर्श म्हणून दाखवलं होतं. आपल्याला डायरेक्ट अर्ज करता येत नाही, प्रस्ताव वनखात्याकडून वर जातो, पण नगरपालिकेचा ठराव आणि गावाच्या सह्या सोबत दिल्या तर वजन पडेल. काय वाटतं?

कुसळी:
माझा विरोध. कृपा करून त्या टेकडीला ओसाड म्हणू नका, ते माळरान आहे. पावसाळ्यात जाऊन बघा, पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं, चंडोल डोक्यावर गातोय, खोकडाची बिळं आहेत. या योजनेत दोन तृतीयांश जागेवर झाडोरा लागतो. म्हणजे अनुदान घ्यायचं तर गवत मारून खड्डे घ्यावे लागणार, गवतावरचे पक्षी झाडीत राहत नाहीत हो. पुण्याच्या टेकड्यांवर गिरीपुष्प हे परदेशी झाड लावून काय झालं बघितलंय ना, खाली दुसरं काही उगवत नाही.

राधाक्का:
कुसळी, तुझं गवताचं पटतं रे, पण गवत म्हणून कुणी थांबतं का? सरकारदरबारी आणि लोकांच्या नजरेत माळ म्हणजे मोकळी जागा, आणि मोकळी जागा म्हणजे उद्याचा प्लॉट नाहीतर डंपिंग. कुंपण आणि बोर्ड लागला की निदान विचारायला माणूस असतो. मी रोज पहाटे तिथे जाते, मागच्या महिन्यात एका डंपरवाल्याला अडवलं तर मलाच म्हणाला तुमची आहे का जागा.

मुळशीकर:
पैसा कुठून येतो तेही बघा की. ही योजना कॅम्पाच्या निधीतून चालते, म्हणजे खाणी, रस्ते, धरणांसाठी कुठेतरी खरं जंगल गेलं त्याची ही भरपाई. तिकडे जुनं जंगल तोडायचं आणि इकडे शहरातल्या लोकांना जॉगिंग ट्रॅक, हे मनाला पटत नाही. आणि आमच्या आधीच्या गावात अनुदानाची बाग झाली होती, पेव्हर ब्लॉक, लॉन, काँक्रीटचा मोर, उद्घाटनाला मंडप, तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी घालायला माणूस नाही, अर्धी रोपं जळाली. लावायला पैसे मिळतात, जगवायला कुणी देत नाही.

टेकडीकर:
मुळशीकर, जगवायचं म्हणताय ते खरंय, त्याचा विचार मी केला नव्हता, टँकरचा खर्च नगरपालिकेकडून लिहून घ्यायला हवा. पण कॅम्पाचे पैसे आपण नाकारले म्हणून तिकडचं तोडलेलं जंगल परत येणार आहे का? ते पैसे दुसऱ्या गावाला जातील एवढंच. कुसळी, तुमच्यासाठी एक विचारतो, याच योजनेत १ ते १० हेक्टरची नगर वाटिका पण बसते. वरचा माळ पूर्ण सोडून फक्त खरवडलेली बाजू आणि पायथा, ४ हेक्टर धरला तर १६ लाख मिळतात. वड, पिंपळ, पळस, बोर, बाभूळ एवढंच लावायचं, गिरीपुष्प नाही, सुबाभूळ नाही. वर हात लावायचा नाही असं ठरावातच घालू.

कुसळी:
हे आधीपेक्षा बरं आहे, मान्य. तरी माझी भीती जात नाही. एकदा पायथ्याला गेट आणि पार्किंग झालं की दोन वर्षांनी वर पॉइंट हवा, मग पायऱ्या, मग हायमास्ट. ठरावात वरच्या माळाचा नकाशा गट नंबरसकट आणि 'वर वृक्षारोपण नाही, बांधकाम नाही, रात्री दिवे नाहीत' ही वाक्यं जशीच्या तशी आली तर मी सही करेन, नुसतं 'निसर्ग जपू' लिहिलंत तर नाही.

राधाक्का:
नकाशा मी करते, मुलगा सर्वेत आहे. पण गुरं चारायला येणारे धनगर आहेत ना, त्यांना कुणी विचारलंय का? कुंपण घातलं तर ते कुठून जाणार? आधी त्यांच्याशी बोलून या, मग सह्यांचं बघू.