देवराई आणि सड्याचं सांस्कृतिक मूल्य कसं मोजायचं?

सडा_सातारा:
सातारा तालुक्यातल्या एका गावची जैवविविधता समिती लोकनोंदवही (गावच्या जैवविविधतेची नोंदवही) नव्याने करतेय. वर कासच्या बाजूचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, खाली देवराई. गवत, करवंदं, पाणी यांचा हिशेब जमतो. पण देवाची जागा, पालखीची वाट, फुलं बघायला येणारी माणसं यांचं काय? एका सदस्याचं म्हणणं, वाहनतळाच्या पावतीचा दर गुणिले गाड्या. चालेल का?

कृष्णाकाठ:
नाही चालणार. पावतीचा दर कुणीतरी बैठकीत ठरवलेला असतो. येणाऱ्याला ती जागा केवढ्याची वाटते ते त्यातून कळत नाही. पर्यटकांपुरती प्रवासखर्च पद्धत वापरा, म्हणजे यायला किती खर्च करतात त्यावरून जागेचं मूल्य काढा. प्रत्येकाला विचारा: कुठून आलात, गाडी कोणती, गाडीत माणसं किती, गेल्या १२ महिन्यांत कितीदा आलात, आज आणखी कुठे जाणार.

समजा, पुण्याहून जाऊन-येऊन २८० किमी, किमीला ९ रुपये, गाडीत चौघं: माणशी ६३० रुपये. त्यात वेळेची किंमत मिळवा: प्रवासाचे ७ तास, तासाची कमाई १५० धरली तर तिचा तिसरा हिस्सा म्हणजे ५० रुपये तास, असे ३५०. एकूण ९८०. पण तीच गाडी ठोसेघर आणि सज्जनगडही करते. म्हणून १० गुण त्या ठिकाणांत वाटायला सांगा. सड्याला ४ मिळाले तर ३९२ रुपयेच धरा.

मग फेऱ्यांची संख्या आणि खर्च यांचं पॉयसाँ समीकरण बसवा (खर्च वाढला की फेऱ्या किती घटतात ते सांगणारं, मोजलेल्या संख्यांसाठीचं संख्याशास्त्रातलं समीकरण). खर्चाचा गुणांक -०.००२ आला तर फेरीमागे खर्चावरचा जादा लाभ १ भागिले ०.००२, म्हणजे ५०० रुपये. इथे बरेच जण फसतात: जागेवर विचारल्यावर शून्य फेऱ्यांचा माणूस भेटतच नाही आणि वारंवार येणारा जास्त भेटतो. त्यावर साधा उपाय म्हणजे फेऱ्यांतून १ वजा करून समीकरण बसवणं. फक्त सप्टेंबरच्या रविवारी फॉर्म भरू नका. सड्यावरचं टोपली कारवीचं झुडूप सात वर्षांनी फुलतं, ते साल असेल तर तशी नोंद करा, नाहीतर फुगलेला आकडा दरवर्षीचा समजला जाईल.

माळरान:
वरचं सगळं बरोबर, पण त्यात गाव दिसत नाही. देवराईत पायी जाणाऱ्या बाईचा प्रवासखर्च शून्य, म्हणून तिचं मूल्यही शून्य निघतं! तिच्यासाठी नकाशा करा.

टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षणाचा छापील नकाशा, कुणाला वाचता येत नाही. देवळासमोर रांगोळीने ओढा, वाटा, सडा, देवराई काढा. माणशी २० दाणे: जिथे श्रद्धा तिथे हरभरा, जिथे विसावा तिथे तूर, जिथल्या आठवणी आहेत तिथे मका. कुठे किती ठेवायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं. बायकांची, गुराख्यांची, म्हाताऱ्यांची बैठक वेगळी घ्या. एकत्र बसवलं की पहिला दाणा पडतो तिथेच बाकीचे पडतात. दाणा ठेवताना कारण विचारून लिहा. उचलण्याआधी फोटो काढा, आणि एका जागी किती दाणे यासोबत किती माणसांनी ठेवले तेही मोजा.

"देवराईसाठी किती रुपये द्याल?" हे मात्र विचारू नका. "देवाला भाव लावता काय?" म्हणून लोक शून्य सांगतात. ते शून्य रागाचं असतं, किंमत नसल्याचं नव्हे. त्याऐवजी वर्षाला किती दिवस श्रमदान कराल ते विचारा. ते दिवस मजुरीने गुणून रुपये करू नका, दिवसच राहू द्या.

कृष्णाकाठ:
मान्य. दाण्यांचा तक्ता आणि रुपयांचा तक्ता वेगळेच ठेवा, बेरीज नको. आणखी एक, संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये स्वीकारलेली परिसंस्था लेखा पद्धत व्यवहारातले भाव धरते; वरचे ५०० हा खर्चावरचा जादा लाभ आहे, तो तिथे बसत नाही. कुणी जिल्ह्याच्या हिशेबात जोडायला लागला तर थांबवा.

माळरान:
नकाशा ग्रामसभेत वाचून दाखवा, मंजुरी घ्या, मग नोंदवहीला जोडा. देवाच्या आतल्या जागेचे अक्षांश-रेखांश त्यात टाकू नका; "ओढ्याच्या वरच्या अंगाला" एवढं पुरे.