'चुंगकिंग एक्सप्रेस'मध्ये म्हणे काही घडतच नाही!

मोगरी:
परवा इथे एकांनी लिहिलं की हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाईचा 'चुंगकिंग एक्सप्रेस' हा सिनेमा म्हणजे दोन अर्धवट गोष्टी एकमेकींना चिकटवलेल्या; एक पोलीस अननस खातो, दुसरा साबणाशी बोलतो, घडत काहीच नाही. उत्तर लिहायला बसले ते वाढतच गेलं, म्हणून वेगळा धागा.

घडत कसं नाही? २२३ नंबरच्या पोलिसाला त्याची 'मे' नावाची प्रेयसी १ एप्रिलला सोडून जाते. त्याला ती थट्टा वाटते. मग तो रोज अननसाचा एक डबा घेतो, १ मे ही मुदत छापलेला. ३० एप्रिलच्या रात्री दुकानातला माणूस म्हणतो, असला माल आम्ही ठेवत नाही, उद्या संपतोय. त्यावर हा चिडतो, की डब्याला काय वाटत असेल याचा विचार केलात का. मग तीसच्या तीस डबे एका रात्रीत खातो. माझी रूममेट लग्न होऊन गेली तेव्हा तिची मेतकुटाची बाटली मी आठ महिने ठेवली होती. वास उडाला तरी टाकवेना. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यात घडतं ते एवढंच. आणि हा सिनेमा आला त्या १९९४ च्या हाँगकाँगवर तर १ जुलै १९९७ ही तारीख छापलेलीच होती, ब्रिटिशांकडून चीनकडे जाण्याची.

वाटसरू:
ती पोस्ट माझी. अर्धवट म्हणालो ते उगाच नाही. दिग्दर्शकाच्या तलवारबाजीच्या मोठ्या सिनेमाचं संकलन रखडलं होतं, त्या मधल्या सवडीत हा झटपट केलाय. तिसरी गोष्ट मावली नाही, तिचा १९९५ मध्ये 'फॉलन एंजल्स' हा वेगळा सिनेमा झाला. आणि प्रत्येक गोष्टीला १९९७ चिकटवू नका. प्रेमभंग झालेल्या पोराला प्रेमभंग झालेला पोरगाच राहू द्या.

कुंदा_क:
माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. दुसऱ्या गोष्टीत खाण्याच्या दुकानातली फे नावाची मुलगी त्या दुसऱ्या, ६६३ नंबरच्या पोलिसाच्या चावीने त्याच्या घरात शिरते. टॉवेल बदलते, डब्यांची लेबलं बदलते, पाण्याच्या बाटलीत झोपेची गोळीसुद्धा टाकते. याला सगळे 'किती गोड' म्हणतात! मी पेइंग गेस्ट होते तिथे मालकिणीचा मुलगा माझ्या मागे खोलीत येऊन वस्तू हलवायचा. कंगव्याची जागा बदललेली दिसली की पोटात गोळा यायचा. पोलीस बाई असती आणि चावी पुरुषाकडे असती तर?

मोगरी:
गोळीचं मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण साबण नवा आला हे त्याला कळत नाही, तो साबणालाच विचारतो की असा जाड का झालास. शेजारचं माणूस आपल्याला दिसतच नाही, हे मला त्यात दिसतं.

नीळकंठ_ना:
सगळे अननसात अडकलेत. पहिल्या गोष्टीत आपली माणसं कोण आहेत ते कोणी बोलेना. अमली पदार्थ बुटांत, कपड्यांत लपवून नेणारे भारतीय. सोनेरी विगवाली बाई त्यांना गोळा करते, विमानतळावर ते पळून जातात. २२३ ला अननस आहे, मनोगत आहे. या माणसांना काय आहे?

मी १९९६ ते ९९ हाँगकाँगला होतो, कपड्यांच्या निर्यातीत. नेथन रोडवरच्या त्या चुंगकिंग मॅन्शन्समध्ये, म्हणजे सिनेमाच्या नावातल्या त्या स्वस्त खोल्यांच्या इमारतीत, सात महिने काढले. हौस म्हणून नाही. फोनवर खोली पक्की व्हायची आणि मला दारात बघून 'आत्ताच गेली' व्हायची. चार वेळा. वंशभेदाविरुद्धचा कायदा तिथे २००८ मध्ये झाला.

वाटसरू:
काका, तुमच्या खोलीचा राग दिग्दर्शकावर का? तो पाच वर्षांचा असताना शांघायहून आला, त्याच चिम शा चुई भागात वाढला. लहानपणी पाहिलं ते दाखवलं. तिथे तस्करी नव्हती का?

नीळकंठ_ना:
होती. मीही पाहिली. पण पहाटे पाचला पोळ्या लाटणारा पंजाबी होता, शिंपी होते, आजारपणात मला महिनाभर डाळभात देणारी नेपाळी बाई होती. लहानपणी पाहिलं म्हणता, मग ही दिसली नाहीत? 'काका' म्हणून वर हिशेब विचारू नका.

वाटसरू:
आवाज चढला, चुकलं. तरी दीड तासात सगळा चुंगकिंग मावणार नाही.

मोगरी:
नीळकंठजी, काल परत पाहिला. ती बाई एका भारतीय माणसाच्या लहान मुलीला उचलून नेते आणि आइस्क्रीम खायला बसवते. इतक्या वेळा पाहून मला तो प्रसंग आठवत नव्हता. अननसाचं शेल्फ मात्र तोंडपाठ. सिनेमा मला अजूनही तितकाच आवडतो, पण हे तुमचं खरं आहे.

कुंदा_क:
आणि माझा कंगवा?

मोगरी:
तोही. गोळीवर हरलेच आहे म्हटलं ना.

नीळकंठ_ना:
आवडू द्या, मलाही सिनेमात दिसतो तो रस्त्यावरचा सरकता जिना आवडतो. ९३ ला सुरू झाला. सकाळी फक्त खाली, दहानंतर वर. रविवारी मी उगाच त्यावर उभा राहायचो. पण मॅन्शन्समधली लिफ्टची रांग कोणी दाखवली नाही. प्रत्येक ब्लॉकला दोनच लिफ्ट, सतरा मजले, आणि रात्री अकराला हातात भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसं.