डोंगरावरची उन्हाळी सुट्टी: पहिला मुक्काम किती उंचीवर करावा?

दादा: सर्वांना नमस्कार. सुट्टीचा कच्चा आराखडा कळवत आहे. पहाटे सखल भागातून गाडीने निघून त्याच संध्याकाळी ३,४०० मीटर उंचीवरच्या मुक्कामी पोहोचायचे, तिथे तीन रात्री राहायचे आणि मग परत फिरायचे, असा विचार आहे. वाटेत मुक्काम केला नाही तर वरच्या कुरणांसाठी एक पूर्ण दिवस जास्त मिळतो. आरक्षण उद्या रात्रीपर्यंत करायचे असल्याने कोणाला काही सुचवायचे असेल तर आजच सांगावे.

मोठे काका: आराखडा मेहनतीने केला आहेस, परंतु पहिल्या रात्रीच्या मुक्कामाला माझी स्पष्ट हरकत आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण डोंगरावरही सुमारे २१ टक्केच असते. उतरतो तो हवेचा दाब, आणि ३,४०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर तेवढाच कमी प्राणवायू शरीरात जातो. शरीर हे निभावून नेते, श्वास खोल होतो, नाडी जलद चालते, पण हा बदल अंगवळणी पडायला काही दिवस लागतात आणि आपण त्याला एक रात्रही देत नाही आहोत. झोपेत श्वास आणखी मंदावतो, म्हणून दिवसा किती उंच फिरलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो हे जास्त महत्त्वाचे ठरते. कपडे, औषधे, बूट यांची यादी आपण नंतर करू. आधी मुक्कामाच्या जागा ठरल्या पाहिजेत.

वहिनी: काका, तुमचे म्हणणे पटते, पण एक शंका आहे. हे रोज पळायला जातात, मुलेही दिवसभर मैदानावर असतात. ज्यांना दमण्याची सवय आहे, त्यांनाही हा त्रास होतो का?

ताई: होतो, वहिनी, आणि नेमका हाच गैरसमज सर्वांत जास्त आढळतो. व्यायामाने पायांत बळ येते, चढ सोपा जातो, पण विरळ हवेच्या त्रासापासून त्याने संरक्षण मिळत नाही. उलट तरुण आणि तंदुरुस्त माणसे वेगाने वर चढतात आणि डोके दुखू लागले तरी सांगत नाहीत. साधारण २,५०० मीटरच्या वर गेल्यावर काही तासांत, बहुधा पहिल्याच रात्री, डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे अशी लक्षणे दिसू लागतात. लहान मुलाला डोके दुखते हे सांगता येत नाही. ते किरकिर करते, खायला नको म्हणते आणि खेळायचे सोडून मांडीवर पडून राहते. अशा वेळी ते प्रवासाने दमले असेल असे आपणच ठरवून मोकळे होऊ नये.

लक्षणे सौम्य असतील तर त्याच उंचीवर थांबावे आणि ती पूर्ण जाईपर्यंत वर जाऊ नये. मात्र कोणी बसल्या जागी धापा टाकू लागले, असंबद्ध बोलू लागले किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच खाली उतरवावे. तोल पाहण्याची सोपी रीत म्हणजे जमिनीवर सरळ रेष कल्पून तिच्यावर एका पावलाच्या चवड्याला दुसऱ्या पावलाची टाच टेकवत चालायला सांगायचे; ज्याला तशी आठ-दहा पावले टाकताना बाजूला झुकावे लागते, त्याच्या मेंदूवर परिणाम होत असण्याची शक्यता धरायची.

आत्या: मला रक्तदाबाची गोळी सुरू आहे, म्हणून विचारते. मी यावे की नाही? प्राणवायूचे छोटे डबे मिळतात, तेही घेऊन ठेवावेत का?

ताई: आत्या, रक्तदाब आटोक्यात असेल तर बहुतेकांना जाता येते, पण हा निर्णय ग्रुपवर होऊ नये, तुझ्या डॉक्टरांना मुक्कामाची उंची आकड्यांत सांगून विचार. गोळ्या बंद करायच्या नाहीत आणि जादा पुरवठा दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवायचा. ते छोटे डबे काही मिनिटांत संपतात आणि तेवढ्यापुरतेच बरे वाटते, त्यामुळे त्यांच्या भरवशावर वर थांबणे धोक्याचे ठरते. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी त्रास टाळण्यासाठी चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात, मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर तसे आधीच सांगावे. वर गेल्यावर पहिल्या काही रात्री मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण टाळाव्यात, कारण दोन्हींमुळे श्वास मंदावतो.

वहिनी: म्हणजे ही यादी माझ्याकडे राहू दे. कपड्यांबाबत मी एवढेच सुचवते की उन्हाळा आहे म्हणून कोणी पातळ सुती कपड्यांवर भिस्त ठेवू नये. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, आणि सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही व अंगातील ऊब खेचून घेतो. अंगालगत लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि वर वारा-पाऊस अडवणारे जॅकेट, असे तीन थर प्रत्येकाने आणावेत. दुसरीकडे ऊनही फसवे असते; हवा गार असली तरी अतिनील किरणांची तीव्रता दर हजार मीटरला दहा-बारा टक्क्यांनी वाढते आणि ताज्या बर्फावरून ती परतून खालून डोळ्यांत शिरतात. म्हणून बाजूंनी झाकलेले गॉगल मुलांनाही हवेत, आणि सनस्क्रीन हनुवटीखाली व नाकाच्या खालच्या बाजूलाही लावायचे.

मोठे काका: उत्तम. बूट नवे असतील तर आजपासून घरात वापरायला काढावेत, आणि जिन्यावरून चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव करावा, कारण मांड्या भरून येतात त्या उताराने. पाण्याची एक गोष्ट राहिली. तीन हजार मीटरच्या आसपास पाणी सुमारे ९० अंशांवरच उकळते, त्यामुळे पिण्याचे पाणी उकळी फुटल्यावर तीन मिनिटे तसेच उकळू द्यावे. दुपारनंतर डोंगरात ढग जमून विजा होतात, तेव्हा फिरणे सकाळीच उरकून दुपारी मुक्कामावर परतायचे. थंडी वाजली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी कोणीही पेटवू नये. तिच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. गाडी उतारावर सतत ब्रेक दाबून आणू नये, खालच्या गिअरमध्ये उतरवावी.

दादा: सर्वांचे म्हणणे वाचून आराखडा बदलला आहे. पहिल्या दोन रात्री २,३०० मीटरवर, पुढच्या दोन २,९०० मीटरवर, आणि ३,४०० मीटरवरची कुरणे शेवटच्या मुक्कामाहून सकाळी निघून पाहायची व दुपारी खाली यायचे, असे ठरवले तर वर एकही रात्र काढावी लागत नाही. यासाठी सर्वांना रजा एक दिवस जास्त घ्यावी लागेल. वरचा वेळ कमी होतो याचे वाईट वाटते, पण त्या कुरणांवर मुले डोके धरून बसली तर तो जादा दिवस काय कामाचा? काका, मधल्या मुक्कामाजवळ दवाखाना आहे का आणि रात्री खाली उतरायचा रस्ता खुला असतो का, हे आरक्षणापूर्वी मी फोन करून विचारतो. आत्या, तुझी जागा धरूनच खोल्या घेत आहे. डॉक्टर काय म्हणतात ते कळले की लगेच सांग, म्हणजे गरज पडल्यास दोन्ही मुक्काम आणखी खाली घेता येतील.