मदत हवी आहे : अंगावरचे दूध पुरत नाही, वरचे दूध सुरू करावे का?

कृष्णकमळ
माझी मुलगी दिवसभर अंगावर पिते आणि तरीही तिचे पोट भरत नाही. दहा मिनिटे पिऊन तिचा डोळा लागतो, खाली ठेवले की अर्ध्या तासात ती पुन्हा रडू लागते, आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात तर तिला बाजूला करताच येत नाही. पहिल्या आठवड्यात छाती दाटून दगडासारखी होत असे, आता ती मऊ लागते, त्यामुळे दूध आटले असेच घरातील सर्वांचे मत झाले आहे. दूध वाढवण्याचा खात्रीचा उपाय आहे की वरचे दूध सुरू करावे, एवढे कृपया आजच सांगा.

प्राजक्ता
बाळ किती दिवसांचे आहे, जन्माच्या वेळी वजन किती होते, शेवटचे वजन कधी केले, सिझेरियन झाले का, आणि चोवीस तासांत लघवी किती वेळा होते, हे कळल्याशिवाय दूध कमी आहे असे कोणीही म्हणू शकणार नाही. संध्याकाळी दोन-तीन तास सतत अंगावर राहणे आणि सुरुवातीचे दाटणे ओसरून छाती मऊ लागणे, या दोन्ही गोष्टी भरपूर दूध असलेल्या आयांनाही अनुभवास येतात.

शेवंती
माझ्या दोन्ही बाळंतपणांत सकाळी अळिवाची खीर, दुपारी डिंकाचा लाडू आणि रात्री दुधातून शतावरी एवढे नियमाने घेतल्यावर आठ दिवसांत पान्हा वाढला. आजच अळीव भिजत घाला.

नीलमोहर
खीर आईच्या पोटात जाईल, पण बाळ आज उपाशी आहे त्याचे काय? माझ्या मुलाला आम्ही ‘पुरेल, पुरेल’ म्हणत केवळ अंगावर ठेवले, त्याचे वजन घटत गेले आणि शेवटी त्याला दवाखान्यात दाखल करावे लागले. पावडरचे दूध म्हणजे विष नव्हे, आणि ते दिल्याने आई कमी पडली असे होत नाही.

प्राजक्ता
आई कमी पडली असे मी म्हटलेलेच नाही. स्तन जितके रिकामे होतात तितके दूध तयार होते, म्हणून बाटलीने दिलेल्या प्रत्येक वेळेमागे अंगावरची मागणी घटते आणि दूध खरोखरच कमी होत जाते. तुमच्या मुलाचे वजन घटत होते, म्हणून त्याला वरचे दूध देणे योग्यच होते. इथे अजून वजनच कळलेले नाही.

सोनटक्का
नोकरी असेल तर लक्षात ठेवा की प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते. त्यांतील जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात.

कृष्णकमळ
रजेची अडचण नाही. मुलगी आज १८ दिवसांची आहे, सिझेरियन झाले आहे. जन्माचे वजन २ किलो ९०० ग्रॅम, पाचव्या दिवशी घरी सोडताना २ किलो ६६०, आणि काल २ किलो ८४०. लघवी पाच वेळा होते. मी माहेरी अमरावतीला आहे आणि इथे उन्हाळा फार कडक आहे, म्हणून आई दिवसातून चार-पाच वेळा चमचाभर उकळून गार केलेले पाणी देते. टाके दुखतात, म्हणून रात्री अकरा ते सहा मला झोपू देऊन आई बाटलीने पावडरचे दूध पाजते. हे सुरुवातीपासून चालू आहे, त्यामुळे लिहावेसे वाटले नाही. उजव्या बाजूला भेग पडल्याने तिकडे मी कमी पाजते.

निशिगंध
मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. ताई, रात्रीचे सात तास स्तन रिकामे होत नाहीत, आणि दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन रात्रीच अधिक असते; खरी अडचण इथे आहे. बहुतेक बाळे दोन आठवड्यांत जन्माचे वजन गाठतात आणि पुढे दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतात. तुमची मुलगी १२ दिवसांत १८० ग्रॅम वाढली आहे, म्हणजे वाढ आहे पण मंद आहे. त्यामुळे वरचे दूध स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. उद्याच बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन त्याच काट्यावर वजन करा आणि त्यांच्या सल्ल्याने ते कमी करत आणा.

पाणी मात्र आजच थांबवा. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते, म्हणून विदर्भाच्या उन्हातही सहा महिन्यांपर्यंत वेगळे पाणी लागत नाही. उलट इवलेसे पोट त्याने भरते आणि बाळ दूध कमी पिते. रात्री आईंनी बाळ तुमच्या कुशीत आणून द्यावे आणि तुम्ही आडवे होऊनच पाजावे, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. वरचे दूध द्यावे लागलेच तर बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या आणि त्याच वेळी स्वतःचे दूध हाताने काढा. काढलेले दूध या उन्हात बाहेर न ठेवता फ्रीजमध्ये ठेवा.

भेग पडली याचा अर्थ बाळ केवळ बोंडशी चोखत असावे. तोंड जांभईसारखे मोठे उघडल्यावरच त्याला जवळ घ्या. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि भोवतीचा काळसर भागही तोंडात गेलेला असावा. लघवी आणखी कमी झाली, बाळ पिण्यासाठी जागेच होईना, ताप आला किंवा अंग पिवळे दिसले, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

शेवंती
अळीव खाण्यात काही अपाय आहे का?

निशिगंध
आवडत असल्यास माफक खा, बाळंतिणीला लोह मिळेल. पण त्याच्या भरवशावर रात्रीचे पाजणे टाळू नका.

कृष्णकमळ
आज २२ वा दिवस. डॉक्टरांनी पकड सुधारून दाखवली आणि रात्रीचे वरचे दूध एका वेळेवर आणले. वजन २ किलो ९५० भरले, लघवी सात वेळा होते. उजवी भेग अजून दुखते, म्हणून परवा पुन्हा जायचे आहे. पाणी बंद करण्यावरून आई दोन दिवस नाराज होती. आता मी पाजायला बसले की तोच पाण्याचा तांब्या ती माझ्यासाठी भरून आणते.