चवथीला तुमच्या घरी काय वाजलं? (घुमट सोडून)

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, भावंडं मूळ घरी जमतात, आरती होते, घुमटं (आरतीला वाजवायची मातीची वाद्यं) खाली ठेवली की राजकारण निघतं. आमच्याकडे यंदा राखीव जागा आणि गाझा एकाच बैठकीत निघाले, आणि धाकटा काका जेवायला न थांबता पणजीला निघून गेला. तुमच्याकडचं लिहा. कोण बरोबर ते नको, काय घडलं ते हवं.

निवृत्त मास्तर, डिचोली
१९६१ साली मी चौदा वर्षांचा. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत भारताने गोव्यातून सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला, रशियाने नकाराधिकार वापरून तो पाडला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मोकळे. त्यामुळे युक्रेनवरून कोणी रशियाला शिव्या घातल्या की मला टोचतं. यंदा माटोळीखाली (गणपतीवर टांगतात ती फळं-भाज्यांची चौकट) हेच सांगत होतो. नातू म्हणाला, "आजोबा, तेव्हाच्या सोव्हिएत संघात युक्रेनही होता." मी सुनेला चहा टाकायला सांगितलं.

हरमल, खोल्या भाड्याने
आमच्याकडे वर्षानुवर्षं इस्रायली पोरं उतरतात, लष्करातली सक्तीची नोकरी संपवून आलेली. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर दोघांना परत बोलावणं आलं. एक जण रात्रभर व्हरांड्यात फोन धरून बसला होता, सकाळी पिशवी भरून गेला. झुला राहिला. पुढे गाझातली पोरं टीव्हीवर दिसायला लागली तेव्हा माझ्या कॉलेजातल्या मुलाने फाटकावर पॅलेस्टाइनचा झेंडा चिकटवला, यांनी तो फाडला. "धंदा आहे आपला." मुलगा म्हणाला, "मग धंदा म्हणा, देशप्रेम कशाला म्हणता?" दोघे आठवडाभर बोलले नाहीत, निरोप माझ्यामार्फत. झुला अजून परसात आहे, त्यात मांजर निजते.

बोटीवाल्याची बायको
येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केल्यापासून दीर जेवताना नकाशा काढून इराण, इस्रायल समजावतात. मी एवढंच विचारते, ह्यांची बोट आफ्रिकेला वळसा घालून येणार का? तेवढं कोणालाच ठाऊक नसतं.

वेळीप, काणकोण
गावडा, कुणबी, वेळीप अनुसूचित जमातीत आले २००३ ला. २०११ च्या जनगणनेत आम्ही राज्यात दहा टक्क्यांहून जास्त, पण विधानसभेच्या ४० जागांत आमच्यासाठी राखीव एकही नव्हती. त्यासाठीचं विधेयक संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "आता काय, तुमचीच मजा. गुणवत्तेला विचारतो कोण?" मी गप्प राहिलो. त्याच माणसाने आधी मुलीसाठी आर्थिक दुर्बलांच्या १० टक्क्यांतला दाखला काढताना मलाच विचारलं होतं, मामलेदाराकडे अर्ज कुठल्या खिडकीवर देतात. मीच त्याला नेऊन दाखवली होती. चवथीला घरी हे सांगितलं तर भाऊ माझ्यावरच उखडला, "तेव्हाच का नाही बोललास?"

गवळी धनगर
वेळीपबाब, अभिनंदन. आमची मागणी त्याच यादीत शिरायची आहे, तेव्हा आमच्यासाठीही जरा भांडा. (आमच्या घरात यावर भांडण नाही. सगळे एकाच बाजूला, त्यामुळे चवथ मिळमिळीत.)

पेडण्याची सून
वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, म्हणून पंच झाले. फोन मात्र ह्यांनाच येतात. यंदा आरतीच्या मध्येच आला, मी हातातून घेतला आणि स्वतः बोलले. सासूबाईंनी टाळ थांबवला नाही.

मास्तर, नातवाला मग काय उत्तर दिलंत?

निवृत्त मास्तर, डिचोली
उत्तर कसलं, दोन नेवऱ्या खायला दिल्या.