डायलॉग, संवाद की वाक्य? आणि त्यातलं लक्षात राहतं ते नेमकं काय?

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत 'पटकथा-संवाद' असं लिहिलेलं असतं. चित्रपट पाहून बाहेर आल्यावर मात्र 'काय संवाद होता!' असं कुणी म्हणत नाही. 'काय डायलॉग होता!' म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा एकाच माणसाने उच्चारलेलं एकच वाक्य असतो. संवादाला दोघं लागतात. 'त्यांच्यात आता संवादच उरला नाही' हे वाक्य 'डायलॉग' घालून म्हणून पाहा, हसू येतं. म्हणजे इंग्रजीत दोघांचा असलेला डायलॉग आपल्याकडे येऊन एकट्याचा झाला.

क्रियापदंही वेगळी. संवाद साधतात, डायलॉग मारतात. हे 'मारणे' थापा, बाता, गप्पा यांच्या पंगतीतलं. 'उगाच डायलॉग मारू नकोस' यात समोरच्याचे शब्द त्याचे स्वतःचे नाहीत, ते कुठून तरी उचललेले आहेत असा टोमणा असतो.

प्रश्न दोन. चित्रपट विसरला तरी मागे उरणाऱ्या त्या एका वाक्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे का? आणि एखादं वाक्य उरतं, शेजारचं उरत नाही, हे भाषेच्या अंगाने कसं सांगता येईल? 'अभिनय जबरदस्त होता' हे उत्तर मला माहीत आहे, त्यापलीकडचं हवं आहे.

प्रतिसाद: टाळीचं वाक्य

नाटकवाले 'वाक्य' म्हणतात. वाक्यं पाठ झाली का, त्याने माझं वाक्य खाल्लं, वगैरे. म्हणण्याच्या ढंगाला 'संवादफेक' हा झकास शब्द आहे. आणि प्रेक्षागृह दणाणून सोडतं ते 'टाळीचं वाक्य'.

पण तुम्ही विचारताय त्याला हा शब्द पुरता लागू पडत नाही. टाळीचं वाक्य जागेवर वसूल होतं. मागे उरणारी वाक्यं पुष्कळदा जागेवर टाळी घेणारी नसतात. 'शोले'तल्या (१९७५) 'कितने आदमी थे?' या प्रश्नावर त्या प्रसंगात टाळी वाजवण्यासारखं काय आहे? तिथे उलट सगळे श्वास रोखून बसतात. 'अवतरण' आणि 'उद्धृत' हे छापील मजकुराचे शब्द, आणि म्हणीला कर्ता नसतो. महेश कोठाऱ्यांच्या 'डॅमिट'सारख्या दर चित्रपटात परतणाऱ्या शब्दाला मात्र 'पालुपद' चपखल बसतं.

प्रतिसाद: एक शब्द चुकीच्या घरात

दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८, संवाद वसंत सबनीस) मधलं 'सत्तर रुपये वारले' घ्या. मराठीत पैसे बुडतात. फार तर पाण्यात जातात, खड्ड्यात जातात. माणसं मरतात, जातात, निवर्ततात, आणि ज्यांचा आब राखायचा ती वारतात. 'वारले' हा दुखवट्याला जाताना आवाज खाली आणून उच्चारायचा शब्द आहे. 'सत्तर रुपये बुडाले' हे वाक्य कुणाच्याही लक्षात राहिलं नसतं. क्रियापद तेवढं बदललं आणि गेलेल्या पैशांना सुतक लागलं. रकमेबद्दलचं दुःख आणि रकमेला दिलेला मान, दोन्ही त्या एका क्रियापदात.

म्हणून ते वाक्य वापरात राहिलं. आता मोबाइल वारतो, बॅटरी वारते, ऐन महिनाअखेरीला लॅपटॉप वारतो. सत्तर हा आकडाही गरज नसताना सोबत येतो.

त्याच चित्रपटातलं 'हा माझा बायको' पाहा. पुरुषाला बायको म्हणून पुढे करताना घाबरलेल्या माणसाचं व्याकरण खरं बोलून जातं. 'बायको' हे नाम सोंग सांभाळतं, पण 'हा' आणि 'माझा' सोंगाखालचा बाप्या उघडा पाडतात. ज्या भाषेत सर्वनाम आणि विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाहीत तिथे हा विनोद जन्मालाच आला नसता. इंग्रजीत करून पाहा, काही उरत नाही.

कॉर्नेल विद्यापीठातल्या चौघा संशोधकांनी २०१२ साली याच प्रश्नावर काम केलं होतं. सुमारे हजार चित्रपटांच्या संहिता घेतल्या. लोकांच्या तोंडी बसलेलं प्रत्येक वाक्य आणि त्याच पात्राचं, आसपासचंच, तेवढ्याच लांबीचं पण विसरलेलं वाक्य, अशा जोड्या लावल्या. निष्कर्ष असा की लक्षात राहणाऱ्या वाक्यांत शब्द जरा अनपेक्षित असतात, पण त्यांची बांधणी रोजच्या बोलण्यातलीच असते. शिवाय ती वाक्यं त्या प्रसंगाला कमी चिकटलेली असतात, दुसरीकडे उचलून नेता येतात. 'सत्तर रुपये वारले' याची बांधणी तपासा: कर्ता आणि क्रियापद, इतकंच. सगळा अनपेक्षितपणा एका शब्दात.

प्रतिसाद: 'पास'ची गंमत

वरच्याला पूर्ण अनुमोदन, आणि 'दीवार'चं (१९७५, सलीम-जावेद) उदाहरण जोडतो. 'मेरे पास माँ है' याची चर्चा नेहमी 'माँ' या शब्दावर होते. माझ्या मते सगळी करामत 'पास'ची आहे.

हिंदीत वस्तू 'पास' असतात: गाडी, पैसा, बंगला. नाती 'पास' नसतात. 'मेरे दो भाई हैं' म्हणतात, 'मेरे पास दो भाई हैं' म्हटलं तर भाऊ सामानासारखे वाटतात. मोठा भाऊ इमारत, मालमत्ता, बंगला, गाडी अशी यादी वाचतो आणि विचारतो, तुझ्यापाशी काय आहे? धाकटा त्याच यादीच्या व्याकरणात उत्तर देतो. आईला तो मालमत्तेच्या रकान्यात लिहितो आणि अख्खी यादी फिकी पाडतो.

आता मराठी करा. 'मला आई आहे' म्हटलं तर व्याकरण शुद्ध, पण धार गेली, कारण यादीशी नातं तुटलं. 'माझ्याकडे आई आहे' म्हटलं तर वेगळीच मजा होते. 'आई सध्या माझ्याकडे असते' म्हणजे ती माझ्या घरी राहते. कथेत ती खरोखरच धाकट्याकडे राहते! म्हणजे मराठीत हे वाक्य पत्ता सांगतं, हिंदीत ते तोंड बंद करतं.

ए. आर. रहमान यांनी २००९ साली ऑस्करच्या मंचावर हे वाक्य सांगितलं, तेव्हा इंग्रजीत अर्थ देताना 'माझ्याकडे काही नाही, पण आई आहे' अशा आशयाची भर घालावी लागली. मूळ वाक्यात 'काही नाही' हे शब्द नाहीत. यादी ऐकलेल्याला ते सांगावे लागत नाहीत.

प्रतिसाद: मग धनंजय माने इथेच का राहतात?

सिद्धान्त देखणा आहे, पण मला तो सोयीची उदाहरणं वेचून उभा केलेला वाटतो. त्याच 'बनवाबनवी'तलं सगळ्यात जास्त म्हटलं जाणारं वाक्य कोणतं? 'धनंजय माने इथेच राहतात का?' यात कोणता शब्द चुकीच्या घरात आहे? एकही नाही. प्रसंगापासून सुटं होणंही नाही, चक्क नाव-आडनाव आहे. पोस्टमनने विचारावा असा प्रश्न! 'कितने आदमी थे?' तर त्याहून सपाट. तीन शब्द, तिन्ही रोजचे.

अशा वाक्यांचं श्रेय आवाजाला आणि आवर्तनाला द्यायला हवं. 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. नुसत्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या, पॉलिडोर कंपनीच्या. चित्र नाही, गाणी नाहीत, माणसं निव्वळ बोलणं ऐकत बसायची. ज्या काळात चित्रपट घरी आणता येत नव्हता त्या काळात अमजद खानचे थांबे लोकांना मात्रांसकट पाठ झाले ते असे. लोक ते वाक्य म्हणतात तेव्हा शब्द म्हणत नाहीत, थांबे म्हणतात. 'कितने' नंतरची जागा चुकवा आणि बघा कुणी दाद देतं का.

थोडक्यात, कागदावर वाक्य तपासून निम्मंच उत्तर मिळणार.

प्रतिसाद: 'च' विसरलात

निम्मं उत्तर हे मान्य. पण 'धनंजय माने...' इतकं निरागस नाही हो. 'इथे राहतात का' आणि 'इथेच राहतात का' यांत फरक आहे. 'च'मुळे विचारणारा आधीपासून माग काढत आल्याचं कळतं. तो चौकशी करत नाही, खात्री करून घेतोय. एवढ्याशा 'च'ने दार उघडणाऱ्याला बचावात ढकललं. मराठीतला 'च' हा असा बिनआवाजी कामगार आहे, आणि हिंदीत त्याच्या जागी 'ही' घातला तरी तो ठसका येत नाही.

लोक ते वाक्य वापरतात कुठे तेही पाहा. नव्या ठिकाणी पाऊल ठेवताना, ओळख नसताना, कुणाच्या दारात किंवा कुणाच्या गप्पांत घुसताना. नाव धनंजय माने असलं तरी अर्थ 'मी आलोय, आत घेता का?' असा झाला आहे. विशेषनाम असूनही वाक्य सुटं झालं. समोरच्याने ते ओळखलं की निम्मी ओळख तिथेच होते.

प्रतिसाद: साचा

उचलून नेता येणाऱ्या वाक्यांचा एक पोटप्रकार राहिला. त्यात एक जागा मोकळी असते. 'कुणी घर देता का, घर?' हे 'नटसम्राट'मधलं. (अवांतर: चित्रपट २०१६चा, पण वाक्य शिरवाडकरांच्या १९७०च्या नाटकातलं. डॉ. लागूंच्या तोंडून ज्यांनी ते ऐकलं ते याला चित्रपटाचा डायलॉग म्हणू देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.)

यातलं 'घर' काढा आणि हवं ते घाला. कुणी नोकरी देता का, नोकरी? कुणी पाणी देता का, पाणी? बातम्यांच्या मथळ्यांत हा साचा इतका झिजलाय की मूळ आक्रोश आठवतही नाही. अशा भरून वापरायच्या साच्यांना इंग्रजीत २००४ साली 'स्नोक्लोन' असं नाव मिळालं. मराठीत आपण 'साचावाक्य' म्हणू शकतो, कुणाला बरा सुचला तर सांगा.

पण साचा का तग धरतो? शेवटी परत येणाऱ्या नामामुळे. 'कुणी घर देता का?' एवढाच प्रश्न असता तर तो चौकशीचा राहिला असता. दुसऱ्यांदा आलेलं 'घर' त्याची याचना करतं. दारोदार फिरून मागणाऱ्याच्या हाळीत मागायची वस्तू अशीच पुन्हा उच्चारली जाते. कान तो सूर आधीपासून ओळखतो.

प्रतिसाद: चुकीचं लक्षात राहणं

लोक वाक्य जसंच्या तसं ठेवत नाहीत हा मुद्दा कुणीच काढला नाही. 'कासाब्लांका'तलं (१९४२) 'प्ले इट अगेन, सॅम' जगभर प्रसिद्ध आहे, फक्त ते चित्रपटात कुणी म्हणत नाही. तिथे आहे 'प्ले इट, सॅम'. 'स्टार वॉर्स'मध्ये (१९८०चा भाग) खलनायक म्हणतो 'नो, आय अॅम युअर फादर', लोकांच्या तोंडी मात्र 'ल्यूक, आय अॅम युअर फादर'. 'अपोलो १३'चा किस्सा उलटा आहे. १९७० साली यानातून आलेलं वाक्य भूतकाळाकडे झुकलेलं होतं, अडचण आली होती अशा अर्थाचं. १९९५च्या चित्रपटात ते 'ह्यूस्टन, वुई हॅव अ प्रॉब्लेम' असं वर्तमानात आलं, आणि आता तेच खरं मानलं जातं.

प्रत्येक बदल एकाच दिशेचा आहे. चित्रपटात ल्यूक समोर दिसतो, म्हणून नाव लागत नाही. तुम्ही ते वाक्य जेवताना म्हणता तेव्हा पडदा नसतो, मग नाव आत घ्यावं लागतं. भूतकाळातली अडचण कुणाला उपयोगी? आत्ताची हवी. लोक विसरत नाहीत, प्रवासासाठी वाक्याची बांधाबांध करतात. 'मराठीत सांगितलेलं कळत नाही का? इंग्लिशमध्ये सांगू?' हे 'सैराट'मधलं (२०१६) वाक्यही ज्याच्या त्याच्या तोंडी थोडं वेगळं ऐकू येतं. कुणी 'का' गाळतं, कुणी 'इंग्लिश'चं 'इंग्रजी' करतं. 'इंग्रजी' करणाऱ्यांनी मात्र ते मारलं असं माझं मत. तो शब्द शाळेच्या वेळापत्रकातला आहे, दम भरायच्या कामाचा नाही.

प्रतिसाद: आणि ज्याला अर्थच नाही?

शब्दांच्या अर्थावर एवढं चाललंय म्हणून विचारतो. 'धूमधडाका'तलं (१९८५) अशोक सराफांचं 'व्याख्या विख्खी वुख्खू' कुठे बसवायचं? तो पाइप ओढताना लागलेला ठसका आहे. शब्द नाही, वाक्य नाही. तरीही चाळीस वर्षं टिकलाय. आणि मुळात हे लिहायचं कसं? मी तीन-चार तऱ्हा पाहिल्या आहेत.

प्रतिसाद: ठसक्याचं शुद्धलेखन

'व्याख्या' लिहू नये. तो खरा शब्द आहे, अर्थ विनाकारण चिकटतो. 'व्याख्खा विख्खी वुख्खू' असं लिहावं. आता स्वर पाहा: आ, ई, ऊ. ही सरळ बाराखडी आहे! खोकल्याला बाराखडीची शिस्त लावली म्हणून तो पहिल्या ऐकण्यात पाठ होतो. पुढचा स्वर कोणता येणार हे मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असतं.

ऱ्हस्व-दीर्घाचीही काळजी नको. शेवटचा इकार-उकार दीर्घ, आणि तो दीर्घ असेल तर उपान्त्य ऱ्हस्व, हा नियम. 'विख्खी' आणि 'वुख्खू' दोन्ही त्यात बिनचूक बसतात.