मेंदूतली गाठ चुंबकाने तापवतात म्हणे. कॉइलवाल्याचा एक प्रश्न

पीथमपूरवाला

मंडळी, नमस्कार. राहतो इंदूरला, लोकमान्य नगरात. नोकरी सगळी पीथमपूरला झाली, शाफ्ट-गिअर कडक करायच्या खात्यात. तांब्याची कॉइल, आत शाफ्ट, दहा किलोहर्ट्झ, काही सेकंदांत लालबुंद, वरून पाण्याचा फवारा. तेव्हा कॉइलने तापवणं मला नवं नाही.

साडूंना ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतला कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, गाठ पुन्हा दिसतेय. त्यांच्या मुलाने व्हिडिओ पाठवला: लोखंडाचे नॅनोकण गाठीत टोचायचे, बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावायचं, कॅन्सरच्या पेशी उष्णतेने मरतात. त्यातच एका दुकानदाराने 'तेच तत्त्व' म्हणून चुंबकांचा पट्टा त्यांच्या गळ्यात मारलाय.

माझी अडचण अशी. शाफ्ट तापतो तो एडी करंटने, म्हणजे बदलत्या क्षेत्रामुळे धातूत गोल फिरणाऱ्या विजेने. वस्तू बारीक झाली की करंटला फिरायला जागा उरत नाही. बारीक तार तापवायची तरी फ्रिक्वेन्सी चढवावी लागते. मग इतका सूक्ष्म कण तापतो कसा? आणि शरीर म्हणजे खारं पाणीच, करंट त्यातूनही वाहणार. आधी माणूसच नाही का तापायचा?

फिजिक्सवाली ताई

काका, दोन्ही प्रश्न वर्मावर आहेत. एडी करंटने ते कण तापतच नाहीत. ते लोखंडाच्या ऑक्साइडचे असतात, गाभा साधारण १२ नॅनोमीटर. प्रत्येक कण म्हणजे एकच चिमुकलं चुंबक. क्षेत्र सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट होतं, कणाचं चुंबकत्व त्यामागे धावतं आणि दर फेरीला जरासं मागे पडतं. त्या मागे पडण्याचीच उष्णता होते. चुंबकत्व कणाच्या आतल्या आत वळतं किंवा अख्खा कण द्रवात फिरतो. गाठीत कण पेशींना चिकटून बसतात, मग फिरणं जवळपास बंद. म्हणून प्रयोगशाळेच्या नळीत छान तापणारा द्रव शरीरात कमी तापतो. व्हिडिओत हे सांगत नाहीत.

माणूस तापतो का? तापतो! क्षेत्राची तीव्रता, फ्रिक्वेन्सी आणि शरीराचा घेर यांच्या गुणाकाराच्या वर्गाने तापतो. डोक्याचा घेर कमी, त्यामुळे तिथे जास्त तीव्रता चालते. कंबरेशी रुग्णाला आधीच चटके जाणवतात. म्हणूनच १०० किलोहर्ट्झच्या आसपास थांबतात.

कल्पना १९५७ची, शिकागोच्या डॉक्टर गिलख्रिस्टची. मेंदूच्या गाठीवर काम झालं ते जर्मनीत. त्या उपचाराला २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. २०११ मध्ये छापलेल्या चाचणीत गाठ उलटलेले ५९ रुग्ण होते. उलटल्यापासून मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) १३.४ महिने, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता आणि सोबत रेडिएशनही दिलं होतं. तेव्हा श्रेय कुणाला किती, ते सांगता येत नाही. तो उपचार आणणारी जर्मन कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

आणि द्रव सुईने थेट गाठीत सोडतात. शिरेतून दिला तर बहुतेक यकृत-प्लीहाच गिळतात.

पीथमपूरवाला

ताई, लख्ख कळलं. आता पुढचं. आम्ही लॉटमधला एक शाफ्ट कापतो, घासतो, अॅसिड लावून किती खोल कडक झाला ते बघतो. इथे काय कापणार? तापमान कळतं कसं? आणि पोलाद ७७० अंशांच्या आसपास चुंबकत्व सोडतं, तापणं आपोआप मंदावतं. कणांनाही तसा काही लगाम?

फिजिक्सवाली ताई

बारीक नळीतून थर्मामीटर आत, पण तो एखाद-दुसऱ्या जागीच. बाकीचा अंदाज सीटीवर दिसणाऱ्या कणांवरून गणिताने. हवे असतात ४१ ते ४६ अंश. गाठीचा एक कोपरा ३९ला राहिला तर तिथून पुन्हा वाढणार. माझ्या मते सगळं घोडं इथेच अडलंय, उष्णता निर्माण करणं सोपं आहे.

लगाम आहे. या कणांच्या ऑक्साइडचा, मॅग्नेटाइटचा क्यूरी बिंदू (चुंबकत्व सोडण्याचं तापमान) ५८५च्या आसपास, निरुपयोगी. पण लँथनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटचा बिंदू घटकांचं प्रमाण बदलून शरीराच्या तापमानाजवळ आणता येतो. त्याचे कण तापतात मात्र कमी.

पट्ट्यात ना कण, ना उलटणारं क्षेत्र. स्थिर चुंबक काही तापवत नाही.

बडोद्याची सून

आमच्या सासऱ्यांच्या वेळी मीही हे सगळं वाचून काढलं होतं. एक लक्षात ठेवा काका: कण डोक्यात गेले की त्या भागाचा एमआरआय धड निघत नाही, पुढची तपासणी सीटीवरच. शिवाय जवळपासचा धातू काढावा लागतो, दातांतलं सिमेंट नाही पण चांदी आणि टोप्या. साडूंच्या डॉक्टरांना विचारा की गाठ पुन्हा उघडता येईल का, आणि सीटीआरआयच्या, म्हणजे औषधोपचारांच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदीच्या यादीत भारतात कुठली चाचणी चालू आहे का. पट्ट्यापायी टेमोझोलोमाइड, म्हणजे केमोच्या गोळ्या, चुकवू देऊ नका.

पीथमपूरवाला

गोळ्या चालू आहेत, आजच विचारून घेतलं. पट्टा साडूंना आवडलाय, कंबरेला ऊब येते म्हणतात. ती कपड्याची ऊब आहे, एवढं सांगून ठेवलं. फाइल घेऊन मुंबईला टाटात दाखवायचा विचार करून राहिलोय. परळला उतरण्याची सोय कुणाला ठाऊक असेल तर कळवा.